राखणदाराचा कोंबडा

मेलेल्याच्या घरी जाऊन काय बोलावं हे आमच्या वाडीत कुणालाच कळत नव्हतं, आणि गप्प बसणं तर कुणाच्या बापजाद्यांनाही जमलं नव्हतं. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. पण एवढं मला कळतं की ज्या बाईचा एकुलता एक झील, म्हणजे मुलगा, गेला, तिच्यासमोर मांडी घालून 'घराण्यात कोणाचो म्हाळ चुकलेलो काय गो?' असं विचारू नये. आमच्याकडे समाचाराला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच. दुसरा प्रश्न, पानाचो डबो खंय.

हे झालं तेव्हा मालवण बंदरात अजून मुंबईची आगबोट लागायची आणि बांद्याच्या पलीकडे पोर्तुगिजांचं राज्य होतं. मी होड्या बांधायचो. माझ्या हातच्या दोन होड्या अजून पाण्यात आहेत. त्या काळात मला नावं ठेवणारे एकेक करून वर गेले. असो.

माझ्या कुंपणापलीकडे काकी राहायची. काकी म्हणजे सगळ्या वाडीची काकी, माझी नात्याने कोणी नव्हे. तिचा नवरा झील रांगत असतानाच गेला. भाताचे चार कुणगे आणि काजूची थोडी झाडं, एवढ्यावर तिने झील वाढवला, एकवीस वर्षांचा केला. पोरगा चांगला होता. माझ्या होडीला हात लावायचा तो विचारून लावायचा, हे मी फार थोड्या पोरांबद्दल म्हणेन. दिवाळी होऊन तो मुंबईला गोदीत कामाला गेला आणि माघात तार आली. कावीळ. खोलीतल्या तिघांना झाली, दोघे वाचले, हा गेला. पाणी वाईट होतं असं त्या वाचलेल्यांतल्या एकाने पुढे सांगितलं. पण पाण्याचं कारण आमच्या वाडीला पटलं नाही. फारच साधं कारण ते. साध्या कारणाने माणूस मेला तर समाचाराला येणाऱ्यांनी काय करायचं?

एक म्हातारी म्हणाली, बंदराच्या वाटेवर देवचाराने, तिथल्या भुताने, धरला असणार. दुसरी म्हणाली, बापाचाच जीव अडकला होता, त्याने बोलावून घेतला. एकाने तर काजूच्या झाडांवर बोट ठेवलं, एक झाड म्हणे चुकीच्या दिशेला होतं. काकी सगळ्यांचं ऐकून घ्यायची. मान हलवायची. प्रत्येक जण आपलं एक कारण तिच्या ओटीत टाकून, पान खाऊन, हलकं होऊन घरी जायचा.

आणि मग मास्तर आले. आमच्या शाळेचे मास्तर घाटावरचे, चष्मा लावणारे, देव न मानणारे. म्हणजे माझ्याच पंथाचे. म्हणून मला त्यांची जास्त लाज वाटली. ते ओटीवर खुर्ची मागून बसले आणि म्हणाले, "हे पाहा बाई, देव, देवचार असं काही नसतं. कावीळ हा यकृताचा रोग आहे. तुमचा मुलगा दूषित पाण्याने गेला."

काकीने त्यांच्याकडे बघितलं. म्हणाली, "मास्तरांनू, तेका तहान लागली म्हणान तो पाणी प्यालो. तेची काय चूक?"

 मास्तरांनी चष्मा पुसला आणि चहाची वेळ झाली म्हणून गेले. मी कुंपणापलीकडून हसलो. माझं हसू फार दिवस टिकलं नाही, ते पुढे सांगतो.

आता मी देव का मानत नाही, तर त्यात विद्वत्ता काही नाही. माझा धाकटा भाऊ तापाने पडला तेव्हा आमच्या बापाने कौल लावला. कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर ओले तांदूळ चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवा दाणा पडला तर होय, डावा पडला तर नाही. उजवा पडला. पोर वाचतलो, असं ठरलं, आणि पोर चौथ्या दिवशी गेलं. मी बापाला म्हटलं, तांदूळ वाळला की पडणारच, आधी कुठचा वाळतो ते वाऱ्याला विचार. बापाने मला वहाणेने मारलं. त्या दिवसापासून मी देवळात हात जोडले नाहीत आणि गाऱ्हाण्याला तोंड उघडलं नाही.

हे दुसरं जास्त वाईट. गाऱ्हाणं आमच्याकडे एकट्याने घालून चालत नाही. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, मोठ्याने देवाला सांगणार आणि जमलेल्या सगळ्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मी उभा राहायचो, कारण शेजारधर्म मी कधी सोडला नाही. पण तोंड मिटून. बायको घरी आल्यावर म्हणायची, "जिभेक काय लकवो मारता तुमच्या? दोन शबूद बोललास तर दात पडतले?" मी म्हणायचो, पडतील.

झील मुंबईला निघाला त्या सकाळीही मी तसाच उभा होतो. वाडीच्या हद्दीवर वडाखाली राखणदाराचा पाषाण आहे. तो वाडीची राखण करतो आणि परगावी गेलेल्यांचीही, असं मानतात. गावकर आणि झील सोडून व्हय म्हणायला आम्ही पाच जण होतो. गावकराने नारळ ठेवला आणि छाती भरून घेतली. गावकराचा आवाज फार मोठा, आणि मोठा आवाज देवाला लवकर पोचतो असा त्याचा समज.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू मुंबैक जाता आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या वाटेर काय इडापीडा आसात ती दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जसो जाता तसो हसत-खेळत परत हाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

चार जण म्हणाले. पाचवा मी, पोराची ट्रंक डोक्यावर घेऊन उभा. मग मी ती ट्रंक बंदरापर्यंत नेली. बाकीचे चौघे वडाखालूनच घरी गेले, त्यांचं काम झालं होतं.

तारेनंतर दहाव्या दिवशी गावकराने जाहीर केलं: तेरावं होऊन सुतक फिटलं की चौदाव्या दिवशी राखणदारापुढे कौल लावायचा. "कारण गावाक व्हया," तो म्हणाला. "गाऱ्हाणा घालून गेलेलो झील असो मरता म्हणजे काय? उद्या दुसऱ्याचो जायत." खरं दुखणं त्याचं हे होतं. गाऱ्हाणं त्याने घातलं होतं आणि माल पोचला नव्हता. दोष दुसऱ्या कुणाचा तरी निघायला हवा होता.

त्या दिवसापासून काकीने जेवण टाकलं. सुतकाच्या घरी चूल नसते, वाडीतल्या बायका पाळीपाळीने पेज नेत. पेज तशीच परत यायची. बायकांनी समजावलं, रडून झालं, रागावून झालं. बाराव्या दिवशी माझ्या बायकोने भांडं माझ्या हातात दिलं. "तुमी जावा. देवामाणसाचा कोणाचा ऐकना नाय, तुमचा तरी ऐकता काय बघूया."

काकी माजघरात भिंतीला पाठ लावून बसली होती. मी भांडं ठेवलं. "जेव गो थोडा."

"ठेव थंय."

मला रिकाम्या हाताने बसता येत नाही. कोपऱ्यात काठ सुटलेलं सूप होतं, ते बांधायला घेतलं. बराच वेळ ती माझ्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "तू देव मानत नाय मा रे?"

"नाय."

"अगदीच?"

"अगदीच."

"मगे तुका सांगतंय. दुसऱ्या कोणाक सांगलंय तर माका जित्ती सोडूचे नाय." ती पुढे सरकली. "मी मनात बोललेलंय, झिलाक नोकरी लागली की राखणदाराक तांबडो कोंबडो. कोणाक म्हायती नाय. नोकरीचा पत्र इला. कोंबडो दारातच होतो, राखून ठेवलेलो. आणि जावच्या आदल्या दिसाक झील म्हणता कसो, आये, आता मे म्हयन्यापर्यंत तुझ्या हातचे कोंबडी-वडे खंय गावतले?"

"मगे?"

"मगे काय? दुसरो कोंबडो नाय होतो माझ्याकडे. तोच कापलंय. राखणदाराक म्हटलंय, मे म्हयन्यात झील येतलो तेव्हा देतंय, रागाव नको." तिने पदर तोंडात धरला. "देवाचो कोंबडो मिया झिलाक वाढलंय रे. देवान झीलच नेलो. परवा कौल लावतले तेव्हा राखणदार सगळ्यांका सांगतलो. आयशीनच झील खाल्लो म्हणतले."

मी सूप खाली ठेवलं. त्या जेवणाला तिने मलाही बोलावलं होतं. एक तंगडी माझ्या पानात होती. कोंबडा फार चांगला होता, हे मी आजही सांगेन.

आणि मग मी बोललो ते असं: "अगो, एका कोंबड्यापायी कोण माणूस मारता? तुझो राखणदार काय इतको हावरट?"

"गप!" तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. "तेका ऐकाक जायत!" आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पेज तशीच राहिली.

मास्तरांना मी हसलो होतो. माझ्यात आणि मास्तरांत फरक एवढाच निघाला की ते चष्मा लावायचे. दोघांनीही बाईला तेच सांगितलं होतं: तुझं घर खोटं आहे, बाहेर ये. आणि ती एवढ्यात दुसरीकडे कुठे जाणार होती?

दोन दिवस मी एकच फळी तासत होतो. पातळ झाली, वाया गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला कौलाची भीती वाटली. मला, जो तांदूळ वाऱ्याने पडतात असं म्हणायचा. पण वाराच तो, त्याचा काय भरवसा? गावकर आधी म्हाळ विचारणार, मग देवचार, मग नवस. नवसाचा प्रश्न आमच्याकडे चुकत नाही. उजवा दाणा पडला की सगळ्यांच्या माना काकीकडे वळणार, आणि ती कबूल करणार. न करायला ती काय माझ्यासारखी नास्तिक होती? मग उरलेला जन्म तिने त्या चार कुणग्यांत कसा काढायचा?

होडी गळायला लागली तर तिला समुद्र नाही असं सांगून भागत नाही. भोक कुठे आहे ते बघायचं आणि हाताला मिळेल त्याने बुजवायचं. मी इकडेतिकडे पाहिलं. हाताला मिळण्यासारखा मीच होतो.

चौदाव्या दिवशी सकाळी वडाखाली सगळी वाडी. काकी एका बाजूला बायकांत बसलेली, वाळलेल्या शेंगेसारखी. गावकर आंघोळ करून, उघड्या अंगाने, केळीच्या पानावर ओले तांदूळ घेऊन पुढे झाला. मी म्हटलं, "गावकरांनू, थांबा. कौल नको. कारण माका म्हायती आसा."

"तुका?" काही जण हसले. "देव तुझ्याशी कधीपासून बोलाक लागलो?"

"त्या दिसाक गाऱ्हाण्याक आमी पाच जण होतो. चार जण व्हय म्हाराजा म्हणाले. मी म्हणूक नाय."

हसणं थांबलं. गावकराने पान खाली ठेवलं. "एकदा पण नाय?"

"एकदा पण नाय."

"परत हाड म्हाराजा म्हटलंय, तेव्हा?"

"तेव्हा पण तोंड मिटलेला होता."

यात एक शब्द खोटा नव्हता. मी खोटं बोलत नाही. मी फक्त घडलं ते सांगितलं आणि अर्थ लावायचं काम ज्यांना त्याची हौस आहे त्यांच्यावर सोडलं. आणि काय हौस होती! तोंडं उजळली हो माणसांची. चौदा दिवस ज्या कारणाला शोधत होते ते कारण आपल्या पायांनी चालत आलं, आणि तेही माझ्या रूपाने. "मी तेव्हाच म्हटलंय, आवाज कमी पडलो!" एक जण म्हणाला. हा माणूस त्या सकाळी तिथे नव्हताच.

एक म्हातारा मात्र जरा डोकं असलेला होता. तो म्हणाला, "एक माणूस म्हणालो नाय तर काय होता? राखणदार काय त्वांडा मोजीत बसता?"

याचीच मला भीती होती, म्हणून मी तयारी करून आलो होतो. काकीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "आजोबांनू, नवस ऱ्हवलो, भेट ऱ्हवली, तर देव वाट बघता. आज नाय तर उद्या, तेका काय घाई? पण गाऱ्हाणा फुटका असला तर ता तेच्या कानार पोचतच नाय. पोचूक नाय, तर झील खंय गेलो ह्या तेका कळतला कसा? आणि राखण तो कोणाची करतलो?"

म्हातारा विचारात पडला. गावकर तर असा फुगला की काय सांगू. गाऱ्हाण्याची एवढी थोरवी त्याच्या बापानेही कधी सांगितली नव्हती, आणि सांगत होता कोण, तर वाडीतला एकटा नास्तिक. "बरोबर!" तो ओरडला. "अगदी बरोबर! मगे आता तेचा काय देतंस?"

"कोंबडो देतंय. तांबडो."

"रंग खंयचोय चलात."

"नाय. तांबडोच."

मी काकीकडे बघितलं नाही. बघण्याची हिंमत नव्हती म्हणा.

कोंबडा मी बरोबरच आणला होता, टोपलीखाली झाकून. बायकोने विचारलं होतं, कशाक? मी म्हटलं होतं, बाजारात न्यायचाय. तिथे वडाखाली तिला कळलं, आणि ती हात जोडून रडायला लागली. आनंदाने. नवऱ्याला देवाने वठणीवर आणलं म्हणून. इतक्या वर्षांत मी तिला दिलेलं तेवढं एकच सुख असेल, आणि तेही फसवून.

मग गाऱ्हाणं झालं, आणि गावकराने हात धुऊन घेतले.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या खुळ्यान तुझो अपमान केल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी. इतक्या जोराने मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. झिलासाठी तर नाहीच.

"ह्येका अक्कल कमी आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गावकर थांबला. "तुझो आवाज ऐकाक नाय इलो."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"काय?"

"व्हय म्हाराजा!"

"हां. ह्येची शिंगा मोडून ह्येका माणसात हाड म्हाराजा!"

असं बरंच चाललं. माझ्या अकलेवर चार, जिभेवर तीन, आणि माझ्या बापाला वर किती लाज वाटत असेल यावर एक. मी सगळ्याला व्हय म्हटलं. बाकी कशाबद्दल नाही, पण अकलेबद्दल म्हणताना थोडं जड गेलं.

संपल्यावर काकी उठली. मला वाटलं घरी जाईल. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चौदा दिवसांत तिच्या तोंडून मोठा आवाज निघाला नव्हता, तो तेव्हा निघाला.

"मेल्या! तुझा त्वांड जळांदे! दोन शबूद होते रे, दोन शबूद! तुझी जीभ झडांदे! माझो झील गेलो आणि तू ट्रंक घेवन मुको उभो! मुडदो बशिवलो तुझो!"

बायकांनी तिला धरून नेलं. ती मागे वळून वळून बोलत होती. दुपारी माझी बायको पेज घेऊन गेली आणि धावत परत आली. "दोन वाट्यो खाल्ल्यान! वांगडा सुको बांगडो मागल्यान!"

मी म्हटलं, शिव्या द्यायला अंगात ताकद लागते.

काकीने वडाखालचं माझं म्हणणं खरं मानलं, की मानायचं ठरवलं, ते मी कधी विचारलं नाही. पण त्यानंतर कितीतरी वर्षं तिने मला रोज शिव्या घातल्या. सकाळी अंगण झाडताना एकदा, तिन्हीसांजेला दिवा लावताना एकदा. पावसात कमी, उन्हाळ्यात जास्त. भाताचे कुणगे तिने स्वतः केले, काजू स्वतः भाजले, आणि भाजताना धूर माझ्या घराकडे जातो म्हणून खूश असायची.

वाडीचं तर फावलंच. कुणाची गाय आटली, कुणाचा फणस धरला नाही, की माझ्याकडे बोट. 'गाऱ्हाण्याक तो हळू बोललो असतलो.' गावकर मला आता पहिल्या ओळीत उभं करायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत गाऱ्हाणं घालायचा. मास्तर तर बोलायचेच बंद झाले. एकदा रस्त्यात म्हणाले, "तुम्ही विवेक विकलात." मी म्हटलं, मास्तर, तुम्ही काकीकडे परत गेलात का? ते म्हणाले, त्या अज्ञानी बाईशी काय बोलणार? मी म्हटलं, तेच तर.

अभिमान मलाही आहे. दोनदा मला वाटलं, पुरे झालं. जाऊन तिला सांगावं, की काकी, कारण तुझा कोंबडाही नव्हता आणि माझं तोंडही नव्हतं, मी तुझ्यासाठी वाडीसमोर मान खाली घातली आणि तू मला शिव्या घालतेस. पहिल्या वेळी बायकोने हाक मारली म्हणून फिरलो. दुसऱ्या वेळी कुंपणापर्यंत पोचलो. ती अंगणात काजू वाळत घालत होती. केस सगळे पांढरे, पाठ वाकलेली. मला बघितलं, कंबरेवर हात ठेवून सरळ झाली, आणि मी तोंड उघडायच्या आत तिने सुरू केलं. आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता. मी तो शेवटपर्यंत ऐकला आणि परत आलो.

बायको दारात उभी होती. "काय म्हणता ती?"

"बरी आसा," मी म्हटलं.